बातमी ऐकणाऱ्याचा निवाडा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि पुढे तिची भावंडे गावोगाव निघाली. अशा व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, असा प्रघात आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या फाटकांवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि नगरवाचनालयाच्या बाकांवर झाले. मात्र तीस वर्षे संघटनेचे काम करताना माणसे एकमेकांना दोष कसा देतात आणि का देतात, हे आम्हांला जवळून पाहावयास मिळाले. त्या शिदोरीवर आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

बातमी ऐकणे ही गोष्ट आता सकाळच्या चहापुरती राहिलेली नाही. ती खिशात असते, दिवसभर वाजत असते. बातमी सांगणारा अजून सांगतच असतो, तोच ऐकणाऱ्याचा निकाल लागलेला असतो. ‘त्याचीच चूक.’ ‘अशांना असेच पाहिजे.’ ‘काम नको, पगार मात्र पाहिजे.’ ‘एकाला फाशी द्या, म्हणजे बाकीचे सुधारतील.’ हे उद्गार आपण एस. टी. स्टँडवर ऐकतो, केशकर्तनालयात ऐकतो, लग्नाच्या पंगतीत ऐकतो. उच्चारणारी माणसे दुष्ट नसतात. ती मुलाबाळांची, देवाधर्माची, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावणारी माणसे असतात. मग बातमी ऐकताना त्यांच्या तोंडून इतका कठोर निवाडा का निघतो, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. लोकांनी बातमी ऐकून रागावूच नये, असे आमचे म्हणणे नाही. काही सुशिक्षित माणसे अशा रागाला ‘पब्लिकची बडबड’ म्हणून नाक मुरडतात. ते आम्हांला पटत नाही. अन्यायाची वार्ता ऐकून ज्या गावात कोणाचेच रक्त तापत नाही, ते गाव मेलेले समजावे. लोकांचा संताप ही समाजाची पुंजी आहे. आमची तक्रार एवढीच, की ही पुंजी बहुधा चुकीच्या खात्यावर जमा होते.

याचे एक साधे उदाहरण देतो. आमच्या भागातील एका कारखान्यात, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या एका कंत्राटी मुलाची उजव्या हाताची दोन बोटे गेली. बातमी आली तीन ओळींची. संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल लागला : मोबाईल बघत असेल, हल्लीच्या पोरांचे कामात लक्ष कोठे असते? आम्ही खात्यात जाऊन चौकशी केली तेव्हा कळले ते असे : डाय बदलताना प्रेसचा गार्ड काढला होता, तो पुन्हा बसविलाच नव्हता. गार्ड लावला की नग कमी निघतात, आणि नग कमी निघाले की कंत्राटदाराचे बिल अडते. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय त्या यंत्राला होती; ती बंद करून पायाचे पेडल जोडले होते. मुलगा सलग दुसरी पाळी करीत होता. यंत्राचे धोक्याचे भाग झाकलेले असावेत, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या एकविसाव्या कलमाने सांगून ठेवले होते. म्हणजे जी गोष्ट कायद्याने लिहून ठेवली होती, ती गावाच्या निकालपत्रात कोठेच नव्हती. निकालपत्रात फक्त एक मुलगा होता, आणि त्याच्या हातात त्याने न धरलेला एक मोबाईल होता.

आता याहून मोठ्या, सर्वांना ठाऊक असलेल्या घटनेकडे वळू. ८ मे २०२० रोजी पहाटे जालना आणि तेव्हाचे औरंगाबाद यांच्या दरम्यान, करमाडजवळ, रुळांवर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. ते मध्य प्रदेशातील उमरिया आणि शहडोल या जिल्ह्यांतले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते. टाळेबंदीत काम थांबले, मजुरी थांबली. भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल, या आशेने ते रात्रभर रुळांच्या कडेने चालत निघाले, आणि थकून तेथेच पडले. प्रवासी गाड्या बंद होत्या. गाडी येणार नाही, असे त्यांना वाटले. मालगाड्या मात्र चालू होत्या. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले.

ते पाहून पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आले, हे खरेच. पण त्याच दिवशी, त्याच भाकऱ्यांकडे पाहून, एक प्रश्न घरोघर विचारला गेला : ‘रुळांवर झोपायचे कशाला?’ प्रश्न वरवर शहाणपणाचा दिसतो, आणि त्याचे उत्तरही सोपे : झोपू नये. पण या एका प्रश्नाने बाकीचे सगळे प्रश्न गिळून टाकले. मजूर रस्त्याने का गेले नाहीत? प्रवासाचा पास मिळविण्याची खटपट केली, असे त्यांच्यातले जे वाचले ते सांगत होते; मग तो का मिळाला नाही? श्रमिक गाड्या १ मेपासून सुटू लागल्या, त्या जालन्याच्या मजुरापर्यंत का पोहोचल्या नाहीत? महिनाभराची मजुरी कोणाकडे अडकली होती? हे प्रश्न विचारण्यास वेळ लागतो. ‘कशाला झोपले?’ म्हणावयास वेळ लागत नाही.

आणि ही चूक केवळ चहाच्या टपरीवर होते, असे समजू नका. त्या घटनेनंतर आठवड्याच्या आत, १५ मे रोजी, चालत निघालेल्या मजुरांविषयीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायपीठानेही विचारले की माणसे रुळांवर झोपू लागली तर ते कोणी कसे थांबवावे. आणि अर्ज फेटाळला गेला. पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचाच निवाडा अर्धवट ठरेल. त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने २६ मे रोजी स्वतः होऊन मजुरांच्या हालांची दखल घेतली, आणि दोन दिवसांनी आदेश दिला की त्यांच्याकडून रेल्वेचे वा बसचे भाडे घेऊ नये, त्यांच्या अन्नपाण्याची सोय करावी. अकरा दिवसांत मजूर बदलले नव्हते, रूळ बदलले नव्हते. प्रश्न बदलला होता. ‘हे तेथे का झोपले?’ याच्या जागी ‘यांना घरी पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची?’ हा प्रश्न आला, आणि प्रश्नाबरोबर निवाडाही बदलला.

असेच आणखी एक उदाहरण. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. तेव्हाही आपण ऐकले असेल : ‘लोकांना शिस्तच नाही.’ पूल अरुंद होता, पावसामुळे माणसे जिन्यावर खोळंबली होती, आणि गिरण्यांच्या जागी कचेऱ्या उभ्या राहून त्या स्थानकाची गर्दी वर्षानुवर्षे वाढत होती. पुढे लष्कराला बोलावून तेथे नवा पूल बांधला. तो २०१८ च्या फेब्रुवारीत, म्हणजे पाच महिन्यांत, खुला झाला. नवा पूल झाला तेव्हा लोकांना शिस्त लागली होती काय? माणसे तीच, घाई तीच. बदलला तो पूल.

या तिन्ही गोष्टींत एक सूत्र आहे. दोष त्या माणसावर पडतो, जो घटनेच्या सर्वांत जवळ असतो आणि ज्याचा आवाज सर्वांत लहान असतो. घटना टाळण्याची सत्ता ज्याच्या हाती होती तो दूर असतो. तो चित्रात दिसत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

असे का होते? आमच्या मते याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण बातमीच्या घडणीत आहे. बातमी शेवटच्या क्षणापासून सुरू होते. बोट तुटते, तो क्षण बातमीत असतो. गार्ड काढला तो महिना नसतो. या बाबतीत आमच्या चळवळीचे जुने उदाहरण आठवते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून ‘दीनबंधु’ हे पत्र चालविले, आणि १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून त्यांच्या मागण्या मांडल्या. रविवारची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार, अपघातात भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. रविवारच्या सुटीला मालकांची मान्यता मिळावयास १० जून १८९० उजाडावा लागला. कामगाराने आपली हकीकत आपल्याच तोंडाने सांगण्यास पत्र हवे, हे लोखंडे यांनी ओळखले होते. कारण दुसऱ्याने सांगितलेल्या हकीकतीत कामगार फक्त शेवटच्या ओळीत येतो.

दुसरे कारण मनाच्या घडणीत आहे, आणि ते अधिक खोल आहे. अमेरिकेत मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी केलेला एक प्रयोग १९६६ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थिनींना असे दाखविण्यात आले की एका तरुणीला चुकीच्या उत्तरांबद्दल विजेचे झटके दिले जात आहेत. झटके खोटे होते, पण पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. तिची सुटका करून तिला उलट मोबदला मिळवून देण्याची संधी ज्यांना मिळाली, त्यांच्या मनातून ती फारशी उतरली नाही. पण तिचे हाल असेच चालू राहणार आणि आपण काही करू शकत नाही, असे ज्यांना वाटले, त्या हळूहळू तिलाच नावे ठेवू लागल्या. त्यांच्या लेखी ती कमी चांगली, कमी आवडण्याजोगी ठरू लागली.

बंधूंनो, आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण फाटकावर जे वर्षानुवर्षे पाहिले, त्याचा उलगडा येथे होता. जग न्यायाने चालते, चांगल्याचे चांगले होते, असे मानल्यावाचून माणसाला सुखाने झोप लागत नाही. ‘करावे तसे भरावे’ ही म्हण आपण लेकरांना शिकवतो, ती चांगल्याच हेतूने. पण कोणी भरताना दिसला, की आपण ती उलटी वाचतो : हा भरतो आहे, त्या अर्थी याने काहीतरी केलेच असणार. तसे मानले की भीती कमी होते. तो मोबाईल बघत होता म्हणून बोटे गेली. माझा मुलगा बघत नाही, म्हणून त्याची जाणार नाहीत. पीडिताला दोष देणे हा पुष्कळदा आपल्या भीतीवरचा ताईत असतो. आणि लर्नरचा प्रयोग सांगतो की हात बांधलेले असले, की या ताइताची गरज वाढते. ज्याला काही करता येते, तो दोष कमी देतो.

याचा पुरावा २०२० सालीच आपल्या डोळ्यांसमोर होता. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर चालणाऱ्यांना गावोगावच्या लोकांनी पाणी दिले, पोळीभाजी दिली, चपला दिल्या. ज्याच्या हातात पोळी होती, त्याने ‘तुम्ही निघालातच कशाला?’ हे विचारून ती मागे घेतली नाही. घरात बसून पडद्यावर तेच चालणारे पाय पाहणाऱ्याच्या तोंडी मात्र तो प्रश्न होता. ज्याचे जळते त्याला कळते, हे तर आहेच. पण जो विझवावयास जातो त्यालाही कळते.

याच असहायतेचे दुसरे टोक फार भयंकर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली आहे अशा मोबाईलवरून पसरलेल्या अफवेवर विश्वास ठेवून, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मारणाऱ्यांना आपण पाप करतो आहोत असे वाटत नव्हते. आपण मुले वाचवितो आहोत असे वाटत होते. आरोप, सुनावणी, निकाल आणि शिक्षा, सारे एकाच दुपारी उरकले. ‘फाशी द्या’ हा उद्गार घरात बसून काढला तर तो हवेत विरतो, असे आपण समजतो. तो दहा जणांनी एका जागी उभे राहून काढला, की त्याचे काय होते, ते तेथे दिसले.

मग निवाडा द्यावयाचाच नाही काय? द्यावयाचा, पण कसा, याचा धडा आपल्या देशाच्या कायद्यातच आहे. १९२३ पूर्वी कामावर जखमी झालेल्या कामगाराला भरपाई हवी असली, तर दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागे. समोरून उत्तर येई : याचे स्वतःचेच लक्ष नव्हते, किंवा दोष याच्या सोबत्याचा, किंवा काम धोक्याचे आहे हे याला ठाऊक होते. आपल्या टपरीवरचा निकाल आणि हा बचाव यांत शब्दाचाही फरक नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने ही वाट मोडली. काम करताना, कामामुळे इजा झाली ना? मग नुसत्या बेसावधपणाच्या सबबीवर भरपाई नाकारता येणार नाही. दारूचा अंमल, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे, अशा थोड्या सबबी ठेवल्या. पण मृत्यू झाला असेल तर त्याही चालत नाहीत. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे; तत्त्व तेच राहिले. माणूस थकतो, त्याची नजर चुकते, हे कायद्याने गृहीत धरले, आणि विचारले : यंत्र कोणाचे? नफा कोणाचा? खबरदारी घेण्याची ऐपत कोणाची? जे शहाणपण कायद्याला १९२३ साली सुचले, ते आपल्या घरगुती निवाड्यात अजून उतरावयाचे आहे.

येथे कोणी म्हणेल, तुम्ही कामगारांचे पुढारी. तुम्ही कामगाराचीच बाजू घेणार. यात तथ्य आहे, म्हणून आमच्या बाजूलाही दोन शब्द सुनावतो. २०२१ च्या अखेरीस एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो महिनोन्‌महिने चालला. शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत दिली. अपुऱ्या आणि लांबणाऱ्या पगारावर घर चालविणाऱ्या चालक-वाहकांचे दुःख खरे होते. पण वाडीवरच्या मुलीची कॉलेजची वाट बंद झाली, म्हाताऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात जाता येईना, हेही दुःख खरे होते. त्या माणसाने संपावर राग काढला, तर त्याला ‘मालकाचा माणूस’ म्हणणे हा तसाच उतावळा निवाडा होय. आणि नवलाची गोष्ट ही, की एस. टी.च्या संपकऱ्याला ‘माजलेत’ म्हणणाऱ्यांत बँकेतले, शाळेतले, वीज मंडळातले संघटित नोकरदारही होते, ज्यांनी स्वतः कधी ना कधी संप केलेला होता. परक्याचा संप हा माज, आणि आपला संप तो हक्क! कामगार म्हणून कोणाची न्यायबुद्धी आपोआप शुद्ध होत नाही.

एवंच, आमचे मागणे फार थोडे आहे. पुढच्या वेळी बातमी ऐकून ओठांवर निकाल आला, की तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला : या शेवटच्या क्षणाआधी काय घडले होते, हे मला ठाऊक आहे काय? दुसरा : हे टाळण्याची सत्ता कोणाच्या हाती होती? तिसरा : यात मला करण्याजोगे काय आहे? पहिल्या प्रश्नाने जीभ थांबते. दुसऱ्याने बोट योग्य दिशेला वळते. पण सर्वांत महत्त्वाचा तिसरा, कारण तो आपली असहायता मोडतो.

आणि करण्याजोगे नेहमीच काहीतरी असते. त्या प्रेसवाल्या मुलाच्या बाबतीत गावातल्या पाच माणसांनी कारखाने निरीक्षकाच्या कचेरीत एक अर्ज दिला : गार्ड आहेत की नाहीत, ते सर्व खात्यांत पाहावे. पाच सह्यांचा कागद. त्याला भाषण लागले नाही. निरीक्षक आले, गार्ड बसले. त्या पाचांत एक गृहस्थ असे होते, की आदल्या आठवड्यात तेच ‘हल्लीची पोरे’ म्हणत होते. अर्जावर सही केल्यापासून त्यांच्या तोंडून तो शब्द आम्ही पुन्हा ऐकला नाही. त्यांना कोणी उपदेश केला नव्हता. त्यांच्या हाताला काम मिळाले होते, इतकेच.

आपण या मंडपात तासभर ऐकून घेता, आणि वक्त्याचे बोलणे संपल्यावर प्रश्न विचारता. हा शिरस्ता घरी न्यावा. जिवंत वक्त्याला आपण देतो तेवढी सवड, बातमीतल्या मेलेल्या किंवा मोडलेल्या माणसालाही द्यावी. त्याचे बोलणे आपल्यापर्यंत आलेले नसते. तो पुढे येऊन खुलासा करू शकत नाही. त्याच्या वतीने एक प्रश्न आपणच विचारला पाहिजे.

 आता प्रश्न विचारावेत. कठोर विचारलेत तरी चालतील.